लेकराला आत बोलवा

मेडिकलच्या प्रवेशाची यादी लागली, की दुसऱ्याच दिवसापासून आमच्या शाखेत कर्जाच्या टेबलासमोर प्लॅस्टिकच्या फायली दिसायला लागायच्या. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची १२ वर्षं कर्ज विभागात. त्या फायलींत काय असणार ते मला पाठ होतं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, नीटचं स्कोअरकार्ड, सीईटी सेलचं अलॉटमेंट लेटर, कॉलेजचं फीचं पत्रक, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. फायली सगळ्या सारख्याच असायच्या. पण पालकहो, आज तुमच्याशी बोलायला बसले आणि डोळ्यांसमोर आली ती बाहेरच्या बाकावर बसलेली एक मुलगी.

तिचे वडील परभणीकडचे शेतकरी. खुर्चीच्या अगदी कडेला टेकले, फाईल दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. मुलगी मागे उभी होती आणि शेजारची खुर्ची रिकामी होती. मी तिला बस म्हणणार, तेवढ्यात ते म्हणाले, "तू भायेर बस गं जरा." ती गेली. मग ते पुढे वाकून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, कर्जाचं तिच्यासमोर नको बोलायला. अभ्यासावरचं ध्यान उडंल तिचं."

मी म्हटलं, "दादा, कर्ज तिच्याच नावावर निघणार आहे. पहिली सही तिची लागेल. तिला आत बोलवा."

ती आली, खुर्चीत बसली. अर्ज त्यांनी बाहेर कुणाकडून तरी भरून आणला होता. तो तिनं एकदा वरपासून खालपर्यंत वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, इथं कोर्स साडेचार वर्षांचा लिहिलाय. इंटर्नशिपचं वर्ष यात धरलंय का?"

धरलेलं नव्हतं. एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं शिक्षण आणि त्यावर एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप, असा साडेपाच वर्षांचा मामला. अर्ज तसाच पुढे गेला असता, तर हप्ते एक वर्ष आधी सुरू झाले असते. ज्या पोरीचं ध्यान उडेल म्हणून तिला बाहेर बसवलं होतं, तिच्याच ध्यानात ही गोष्ट आली. वडील तिच्याकडे बघतच राहिले.

आज मला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. मुलाच्या मेडिकलसाठी कर्ज काढा, बिनदिक्कत काढा. पण ते मुलाच्या पाठीमागे काढू नका. त्याला आत बोलवा, शेजारी बसवा, आकडे त्याच्यासमोर मांडा.

हे मी अधिकारवाणीनं सांगत नाही. ही चूक माझ्या घरात झाली आहे आणि ती मीच केली आहे.

माझ्या मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं, की पैशांचं तिच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. कर्जाच्या कागदांवर तिच्या सह्या घेतल्या त्याही घाईघाईत, कॉलेजला निघायच्या आदल्या रात्री. "इथं कर, इथं कर, बाकी तू बघू नकोस." ती विचारायची तेव्हा आमचं उत्तर ठरलेलं, "तू फक्त अभ्यास कर." आम्हाला वाटायचं, केवढं ओझं आपण तिच्या डोक्यावरून उतरवलंय.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत ती घरी आली ती निम्मी होऊन. हॉस्टेलच्या मेसमधला सकाळचा नाश्ता तिनं बंद केला होता. फार्माकॉलॉजीचं पुस्तक घेतलं नव्हतं, मैत्रिणीचं रात्री वाचायची. दसऱ्याला आली नव्हती ती एसटीचं भाडं वाचवायला. कारण काय, तर सुट्टीत घरी आलेली असताना तिला कपाटात बँकेचा लिफाफा दिसला होता आणि त्यात "तारण" हा शब्द वाचून तिनं ठरवून टाकलं होतं, की आईबाबांनी आपल्यासाठी राहतं घर गहाण टाकलं. कित्येक महिने ती त्या घराचं ओझं एकटी वाहत होती. प्रत्यक्षात घराला हातही लागला नव्हता. तारण होतं ते आमच्या मुदत ठेवीच्या पावत्यांचं. एका वाक्यात सांगता आलं असतं. आम्ही ते सांगितलं नाही आणि तिनं मनानंच त्याहून भयंकर काहीतरी रचलं.

तेव्हापासून माझ्या टेबलासमोर एकही मूल बाहेर बसलं नाही.

तुम्ही का लपवता, ते मला कळतं. आपल्याकडे कर्ज हा शब्दच कडू आहे. मराठवाड्यात, विदर्भात त्या शब्दामागे काय काय उभं राहतं, ते त्या परभणीच्या दादांनी मला सांगायची गरज नव्हती. शहरातल्या नोकरदार घरांतही कर्ज म्हणजे कमीपणा, चारचौघांत न बोलायची गोष्ट. पण सावकाराचं कर्ज वेगळं आणि बँकेचं शैक्षणिक कर्ज वेगळं. यात परतफेड शिक्षण संपल्यावर सुरू होते आणि ती शिकलेल्या माणसाच्या कमाईतून व्हावी, अशीच त्याची रचना आहे. म्हणून मुख्य कर्जदार विद्यार्थी असतो आणि आपण आईवडील सहकर्जदार. जबाबदारी दोघांची, पण कागदावर पहिलं नाव मुलाचं. ज्याच्या नावावर पुढची पंधरा-वीस वर्षं हे खातं चालणार, त्यालाच त्यातलं काही ठाऊक नसावं, हे बरोबर नाही.

माझी मावसबहीण कॅनडात टोरांटोजवळ राहते. तिच्या मुलाला मेडिकलला प्रवेश मिळाला तेव्हा तिथल्या बँकेनं त्याला "लाइन ऑफ क्रेडिट" दिली. म्हणजे एक मर्यादा ठरवून दिली, त्यातून लागतील तसे पैसे उचलायचे, जेवढे उचलले तेवढ्यावरच व्याज आणि शिकत असताना दरमहा फक्त व्याज भरायचं. तिथे मेडिकलच्या विद्यार्थ्याला बऱ्याचदा आईवडिलांच्या सहीचीही गरज पडत नाही. बहीण फोनवर सांगत होती, "अगं, बँकेत तो एकटाच गेला. सगळं त्यानंच विचारलं. वर्षाला किती उचलायचं, हे कागदावर लिहूनच गेला होता." आपली पद्धत वेगळी आहे, आपल्या मुलांना आपला आधार लागतो आणि तो आपण देतोच. पण त्या एका गोष्टीची मला असूया वाटली. पैशांचा पहिला विचार त्या मुलानं स्वतः केला होता.

आपल्याकडचं शैक्षणिक कर्ज आतून बरंचसं तसंच चालतं, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं. मंजूर झालेली सगळी रक्कम एकदम हातात येत नाही. दरवर्षी कॉलेजचं फीचं मागणीपत्र द्यायचं आणि बँक तेवढी रक्कम थेट कॉलेजच्या खात्यात भरते. व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. शिकत असतानाच्या काळात आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळात ते सरळव्याज असतं.

हा हिशेब एकदा मुलाला शेजारी बसवून करा. सोपा पडावा म्हणून आपण दर १० टक्के धरू. समजा वर्षाला ४ लाख लागणार, चार वर्षं ४-४ लाख आणि शेवटच्या सहामाहीला २ लाख, म्हणजे एकूण १८ लाख. कोर्स साडेपाच वर्षांचा आणि त्यानंतर सवलतीचं एक वर्ष, म्हणजे साडेसहा वर्षं हप्ता नाही. या काळात एक पैसाही भरला नाही, तर व्याज साचतं ८ लाख ५० हजार. डॉक्टर झालेल्या तुमच्या मुलापुढे १८ नव्हे, २६ लाख ५० हजारांचा आकडा उभा राहतो. १५ वर्षांच्या मुदतीत त्याचा हप्ता येतो महिना साधारण २८ हजार ५००.

आता दुसऱ्या बाजूनं बघा. शिकत असतानाच जर दरमहा व्याज भरत गेलात, तर पहिल्या वर्षी ते किती? ४ लाखांवर महिना ३ हजार ३३३ रुपये. दुसऱ्या वर्षी ६ हजार ६६७, तिसऱ्या वर्षी १० हजार. शेवटी शेवटी १५ हजारांपर्यंत जातं, तेव्हा जमेल तेवढंच भरा. पण पूर्ण व्याज भरत राहिलात, तर मुलापुढे फक्त १८ लाख राहतात आणि हप्ता येतो १९ हजार ३०० च्या आसपास. महिन्याला नऊ हजारांचा फरक, तोही १५ वर्षं. शिवाय शिक्षणाच्या काळात व्याज नियमित भरणाऱ्याला बऱ्याच सरकारी बँका दरात १ टक्का सूट देतात. मुलींना वेगळी अर्धा टक्का सूट बऱ्याच ठिकाणी मिळते. ती आपोआप लागेल असं समजू नका, मंजुरीपत्रात लिहिलेली आहे का बघा.

पालकांना हा हिशेब दाखवला, की ते म्हणायचे, "हे आधी कुणी सांगितलंच नाही." आणि मुलं काय करायची, सांगू? लगेच मोबाइलवर आकडे बदलून बघायची. "मेस सोडून बाहेर डबा लावला तर? लॅपटॉप घरचाच वापरला तर?" फीबरोबरच हॉस्टेल, मेस, पुस्तकं, परीक्षा शुल्क, उपकरणं, प्रवास हे सगळं कर्जात धरता येतं, पण जे धरलं त्यावर व्याज लागतं. हे एकदा कळलं, की काय कर्जातून घ्यायचं आणि काय नाही, हे मूल स्वतःच ठरवायला लागतं. तिथे उपदेशाची गरज पडत नाही.

आता तारणाबद्दल, कारण झोप उडते ती इथे. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार ४ लाखांपर्यंत ना तारण, ना तुमचा स्वतःचा हिस्सा. त्यापुढे देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के रक्कम तुम्ही घालायची. साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज हमी योजनेखाली तारणाशिवाय देता येतं. त्यावरच्या रकमेला साधारणपणे तारण लागतं. नामांकित संस्थांसाठी बँकांच्या वेगळ्या योजना असतात. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत यादीतल्या दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदार दोन्हींशिवाय कर्ज मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर त्यात १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात व्याजात ३ टक्के सूट देण्याचीही तरतूद आहे. तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का, हे सगळ्यात आधी बघा.

तारण द्यावंच लागलं, तर कशाचं द्यायचं, हे घरात बसून ठरवा. मुदत ठेवी, पोस्टाची प्रमाणपत्रं, विमा पॉलिसी, एखादा मोकळा प्लॉट, असं काही असेल तर आधी ते. राहतं घर सगळ्यात शेवटी. आणि घाईत शेत विकू नका. यादी लागल्यावर फी भरायला हातात चार-पाच दिवस असतात. त्या चार दिवसांत पडेल भावानं शेत विकलेली, नाहीतर दागिने सावकाराकडे ठेवलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना कर्ज मिळत नव्हतं असं नाही, ते बँकेत उशिरा आले होते. जमिनीचं किंवा घराचं तारण असेल, तर वकिलाचा शोध अहवाल आणि मूल्यांकन यातच दोन-तीन आठवडे जातात. म्हणून नीटचा निकाल जूनमध्ये लागला, की यादीची वाट न बघता बँकेत जा. साधारण कुठली कॉलेजं मिळू शकतात ते सांगा, कागद दाखवा, वकिलाचं काम सुरू करा. पुढच्या फेरीत कॉलेज बदललं, तर कागद बदलून घेता येतात. पहिली फी स्वतः भरावी लागली, तर पावती जपून ठेवा. मंजुरीनंतर ती रक्कम मिळेल का, ते आधीच विचारून ठेवा. अर्ज नाकारला गेला, तर कारण लेखी मागा. तो तुमचा हक्क आहे.

कर्जाचा आकडा ठरवण्याआधी वजाबाकी करा. राज्यात केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालेल्या आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांना निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर होतो आणि तो दरवर्षी करावा लागतो. हे काम मुलाकडे सोपवा. त्याचा पासवर्ड, त्याची जबाबदारी. खासगी कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. कॉलेजनं सांगितलेला आकडा आणि प्राधिकरणाचा आकडा जुळतोय का, हेही त्यालाच तपासू द्या.

एक गोष्ट जरा कठोरपणे सांगते, वाईट वाटलं तरी चालेल. पावती नसलेला पैसा कुणालाही देऊ नका. आपल्या राज्यात १९८७पासून कॅपिटेशन फीला बंदी घालणारा कायदा आहे. "डोनेशन" मागणारा तुम्हाला सीट विकत नसतो, तुमची घालमेल विकत घेत असतो. अशा पैशाला कुठलीही बँक कर्ज देत नाही, म्हणून तो येतो तीन-चार टक्के महिन्याच्या व्याजानं. १२ वर्षांत मी उद्ध्वस्त झालेली जी दोन-तीन घरं जवळून पाहिली, ती बँकेच्या कर्जानं उद्ध्वस्त झालेली नव्हती. ती या पैशानं झाली होती. आणि त्यातल्या प्रत्येक घरात मुलाला विचारलं असतं, तर मूल म्हणालं असतं, "बाबा, नको. मी दुसरं काहीतरी शिकतो."

मेडिकलचं आणखी एक अवघड वळण आहे, जे इंजिनिअरिंगच्या कर्जात येत नाही. इंजिनिअर पदवी घेऊन नोकरीला लागतो. डॉक्टर एमबीबीएस झाला, की त्याच्यापुढे नीट-पीजीचा डोंगर असतो. सरकारी जागेवर शिकलेल्याला एक वर्षाची बंधपत्राची सेवा असते. इंटर्नशिपचं विद्यावेतन सरकारी महाविद्यालयांत २०२४मध्ये ११ हजारांवरून १८ हजारांवर गेलं, पण हप्ता सुरू होण्याआधीच ते थांबलेलं असतं. पीजीचा अभ्यास ऐन रंगात असताना बँकेचा पहिला हप्ता दारात उभा राहतो. घरात बोलणं झालेलं नसेल, तर इथे स्फोट होतो. मूल म्हणतं, मला एक वर्ष द्या. आईबाप म्हणतात, आता आमच्याच्यानं होत नाही. दोघांचंही खरं असतं.

त्यावर उपाय आहे, पण तो आधी करायचा. पुढच्या शिक्षणासाठी जादा कर्ज आणि परतफेड पुढे ढकलण्याची सोय बँकांच्या योजनेत आहे. हप्ता सुरू होण्याच्या तीन-चार महिने आधी बँकेला लेखी पत्र द्या, पोच घ्या. हप्ते थकल्यावर गेलात, तर तेच काम दहापट अवघड होतं आणि तोवर मुलाचा सिबिल स्कोअर बिघडलेला असतो. सहकर्जदार म्हणून तुमचाही. हे पत्र मुलानं स्वतः लिहावं. ज्याला पेशंटच्या नातेवाइकांशी आयुष्यभर अवघड गोष्टी बोलायच्या आहेत, त्याला बँकेच्या मॅनेजरशी बोलता आलं पाहिजे.

पालकहो, आकडे सांगून झाले. आता ते मुलाला कसे सांगायचे, त्याबद्दल थोडं बोलते.

आकडा सांगा, त्यागाची यादी सांगू नका. "१८ लाखांचं कर्ज आहे, ठेवींचं तारण आहे, पहिल्या दोन वर्षांचं व्याज आम्ही भरू, पुढचं मिळून बघू." एवढं पुरे. "तुझ्यासाठी आईनं पाटल्या मोडल्या, बाबांनी दहा वर्षं नवा शर्ट घेतला नाही" हा हिशेब नव्हे. हा फास आहे आणि तो आपणच विणतो. पाटल्या मोडल्या असतील, तर त्याही आकड्यात लिहा, आवंढा न गिळता.

कर्जाचा चाबूक करू नका. पहिल्या वर्षी ॲनाटॉमीत नापास होणं मेडिकलला नवलाचं नाही. तालुक्याच्या शाळेत पहिली आलेली मुलगी तिथे प्रथमच शेवटच्या रांगेत बसते. त्या रात्री तिला घरी फोन करावासा वाटला पाहिजे. "एवढं कर्ज काढलंय आणि तू..." हे वाक्य एकदा जरी कानावर पडलं असेल, तरी तो फोन येत नाही. कर्ज फिटतं हो. थोडं उशिरा, थोडं जास्त भरून, पण फिटतं. न आलेल्या फोनाची भरपाई करणारी योजना कुठल्याही बँकेत नाही. मुलाला स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा, "तू एक वर्ष मागे राहिलास तरी कर्जाचं आपण बघून घेऊ. तुला झेपेनासं झालं, तर आधी आम्हाला सांग." हे कर्ज काढायच्या दिवशीच सांगा, अडचण आल्यावर नव्हे.

आणि त्याला कागद वाचू द्या. मंजुरीपत्र, व्याजाचा दर स्थिर की बदलता, हप्ता कधीपासून, विम्याचा हप्ता सक्तीचा की ऐच्छिक. या कर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत आठ वर्षं आयकरात वजावट मिळते, नव्या करप्रणालीत नाही, हेही त्याला आत्ताच कळू द्या. पुढे स्वतःचं विवरणपत्र भरताना उपयोगी पडेल. दर सहा महिन्यांनी खात्याचा उतारा काढून दोघं मिळून बघा. चहाच्या वेळी, जसं आपण विजेचं बिल बघतो तसं.

त्या दिवाळीबद्दल राहिलंच. पाडव्याच्या रात्री आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. मी बँकेत वापरायचे तसलीच एक लांब वही काढली. त्यात एका पानावर सगळं लिहिलं. कर्ज किती मंजूर, किती उचललं, कशाचं तारण, आमचे पगार, घरखर्च, तिच्या बाबांच्या निवृत्तीला उरलेली वर्षं. ती गप्प होती. मग तिनं माझ्या हातून पेन घेतलं आणि खाली स्वतःचा महिन्याचा खर्च लिहिला. मेसच्या आकड्यात तिनं सकाळचा नाश्ता धरला नव्हता. तिच्या बाबांनी काही न बोलता तिथे नाश्त्याचे पैसे मिळवले आणि बेरीज दुरुस्त केली.

त्या रात्री कर्ज एका रुपयानं कमी झालं नाही. उलट नाश्त्याचे पैसे वाढले. पण वही तिनं स्वतःच्या बॅगेत टाकली आणि त्यानंतर पाच वर्षं तिच्याकडेच होती. कर्ज फिटलं त्या दिवशी तिनं ती मला परत आणून दिली. शेवटच्या पानावर शून्य लिहिलं होतं, तिच्या अक्षरात. त्याखाली तिनं तिघांसाठी सह्यांच्या तीन रेघा आखून ठेवल्या होत्या. तिची सही झाली होती. आमच्या दोघांच्या रेघा रिकाम्या होत्या.

आम्ही सह्या केल्या. या वेळी तिनं आम्हाला प्रत्येक ओळ वाचायला लावली.